आज्ञा देणाऱ्याचे नाव

"उभी नोकरी गेली माझी या खात्यात, रिसबूड," डुबल साहेब म्हणाले, "पण दरवाजा उघडायला मी कधी नाव लिहिलं नाही. फोन उचलायचा, 'सोड' म्हणायचं, फोन ठेवायचा. पाणी सुटतं."

"आणि चुकीच्या वितरिकेत सुटलं तर, साहेब?"

"तर पाटकऱ्याला विचारायचं. दरवाजा त्यानं उघडलेला असतो."

बैठकीत हशा पिकला. मी हसलो नाही. माझे हे न हसणे त्या काळी पुष्कळांना खटकत असे आणि त्याची मला फिकीर नसे.

वाकणी धरणाच्या पायथ्याशी, वसाहतीच्या टोकाला असलेल्या नियंत्रण कक्षात ही बैठक चालली होती. कालव्याचे आणि त्यातून फुटणाऱ्या वितरिकांचे दरवाजे पूर्वी पाटकरी हाताने चाक फिरवून उचलीत. आता तेथे मोटारी बसल्या होत्या, आणि संगणकावरून त्या मोटारींना हुकूम पोहोचवण्याचे काम पुण्याच्या आमच्या लहानशा कंपनीने घेतले होते. हुकूम म्हणजे एक मेसेज: अमुक वितरिकेचा दरवाजा इतका उचला. कक्षातल्या यंत्रावर बसवलेली सर्व्हिस तो मेसेज स्वीकारी आणि मोटार फिरवी. या मेसेजच्या डोक्यावर, ज्या भागाला आमच्या धंद्यात हेडर म्हणतात तेथे, हुकूम देणाऱ्याचे नाव, त्याची गुप्त खूण आणि हुकमाची वेळ असलीच पाहिजे, असा माझा आग्रह होता. हेडर नसेल, तर आतला मजकूर कितीही बिनचूक असो, दरवाजाने जागचे हलता कामा नये.

"म्हणजे मंत्र्यांचा फोन आला तरी नाही?" कार्यकारी अभियंता या नात्याने धरणाचा कारभार पाहणाऱ्या डुबल साहेबांनी विचारले.

"मंत्र्यांचं नाव घाला, साहेब. सर्व्हिसची हरकत नाही."

आता मात्र कोणी हसले नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अधीक्षक अभियंता मुजावर मॅडम बसल्या होत्या. त्या मंडळ कार्यालयातून मुद्दाम आल्या होत्या आणि डुबल साहेबांच्या वरिष्ठ होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"रिसबूड, मला एकच सांगा. या नावावर उद्या मी एखाद्याला जबाबदार धरलं, तर ते टिकेल?"

"टिकेल, मॅडम. हेडरमध्ये ज्याचं नाव, हुकूम त्याचाच."

"शितोळे, तुमचं काय मत?"

प्रभंजन शितोळे माझ्या शेजारी बसला होता. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच कंपनीत लागलो, आणि या कामावरही दोघेच आलो. माणसे आपलीशी करण्याची त्याला उपजत हातोटी होती. आल्या आल्या त्याने वसाहतीतल्या सगळ्या शिपायांच्या मुलांची नावे पाठ केली होती. मला शिपायांचीही आठवत नसत.

"मॅडम, अच्युत वाद फार घालतो," तो म्हणाला. "खोलीत बसून पंख्याशीसुद्धा घालतो. पण खोटा वाद नाही घालत. तो टिकेल म्हणतो तर टिकेल."

मुजावर मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "मग तसंच करा," त्या म्हणाल्या. "डुबल, तुमचं नाव पहिलं घाला."

डुबल साहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे त्यावेळी मी पाहिले नाही.

*

आमची काम करण्याची एक रीत होती. यंत्र एक, खुर्च्या दोन. एकाने टंकायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचीत चुका काढायच्या. कंटाळा आला की जागा बदलायची. यंत्र माझ्या नावाने उघडलेले असे आणि दिवस मावळेपर्यंत ते तसेच राही. ही रीत आम्ही कॉलेजपासून पाळीत आलो होतो. माझ्या लिहिण्यात त्याचा हात आणि त्याच्या लिहिण्यात माझा, अशी ती सरमिसळ होती. कोणती ओळ कोणाची असे विचारण्याची वेळ कधी आली नव्हती.

हेडर जोडणारा भाग मी एकाच ठिकाणी लिहिला. कोणत्याही पडद्यावरून, कोणत्याही दरवाजासाठी मेसेज निघो, तो बाहेर पडण्यापूर्वी या एका उंबरठ्यावरून जाई. तेथे त्याच्या मस्तकी नाव चढे. सर्व्हिसच्या दारात ते तपासले जाई. नाव नसेल तर काय सांगायचे, यावरून आमचे एक अख्खे जेवण भांडणात गेले.

"'एरर' लिही ना," प्रभंजन म्हणाला. "सगळं जग लिहितं."

"एरर म्हणजे यंत्राची चूक. इथे यंत्राची चूक नाही. आज्ञा देणाऱ्याची आहे."

"मग काय लिहिणार आहेस?"

"'आज्ञा देणाऱ्याचे नाव नाही; म्हणून ही आज्ञा स्वीकारता येत नाही.'"

"शास्त्रीबुवा, ऑपरेटरला निबंध वाचायला देताय काय? निदान तो अर्धविराम तरी काढा."

"अर्धविराम राहील."

"आमटी गार झाली तुझी," तो म्हणाला आणि माझ्या वाटीत दुसरी आमटी वाढली.

त्या उन्हाळी आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत, कालव्याचे पाणी टेलच्या कोरेवाडीपर्यंत पोहोचले. कोरेवाडी कालव्याच्या अगदी शेपटाला. नकाशावर कालवा तेथवर जाई. पाणी मात्र कित्येक वर्षांत गेले नव्हते. वाटेतल्या वितरिकांचे दरवाजे कोणाच्या ना कोणाच्या फोनवर थोडे थोडे उचलले जात आणि शेवटी ओला चिखल उरे. त्या दिवशी आम्ही दोघे जीपने तेथे गेलो. लोक काठावर उकिडवे बसून नुसते पाण्याकडे पाहत होते. एका आजीबाईंनी मला हटकले.

"का रं बाबा, या साली वरच्यांनी अडवलं कसं न्हाई?"

मी त्यांना जमेल तितक्या सोप्या भाषेत समजावले, की आता दरवाजा उघडणाऱ्याला आधी आपले नाव सांगावे लागते.

"म्हंजी चोरानं आदी नाव सांगायचं?"

"हो, आजी."

"मग कशाला चोरंल त्यो?" त्या म्हणाल्या, आणि आपल्या सुनेला हाक मारून त्यांनी ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली.

परतीच्या वाटेवर प्रभंजन म्हणाला, "डुबल साहेब अजून नाव घालत नाहीत. त्यांचा हुकूम असला की मला फोन करतात. मी म्हणतो साहेब, लॉगिन करा. ते म्हणतात, शितोळे, तुम्हाला इथलं काम पुरं करायचंय ना?"

"मग?"

"मग काय. नाव रिकामं आलं तर आपणच एखादं घालू. चाचणीपुरतं."

"नाही."

"ऐकून तर घे."

"ऐकलं. ज्याने हुकूम दिला नाही त्याचं नाव वर चढवायचं, तर हेडर नसलेलं बरं. नसलेलं हेडर निदान खोटं तरी बोलत नाही."

"सगळ्यांनाच तुझ्यासारखं नाही रे जमत, अच्युत."

"यात जमण्यासारखं काय आहे? एक नाव तर लिहायचं."

तो हसला आणि त्याने विषय सोडला. वाद जिंकल्याचे समाधान मला त्या दिवशी पुरेपूर लाभले. जीपमध्ये मी त्याला त्या उंबरठ्याच्या रचनेतले आणखी दोन बारकावेही समजावून सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले.

*

आवर्तन संपले, कालवा बंद झाला आणि तीन नंबरच्या वितरिकेत दुरुस्ती सुरू झाली. कोरड्या तळाला नवे काँक्रीट घातले जात होते. एके दिवशी भर दुपारी, मजूर वितरिकेवरच्या पुलाखाली, तळातल्या सावलीत जेवायला बसले असता त्या वितरिकेचा दरवाजा उचलला गेला आणि कालव्यात साचून राहिलेले पाणी आत लोटले.

ओरडा झाला म्हणून माणसे वाचली. शेवंता नावाची एक बाई भाकरीचे गाठोडे सावरण्याच्या नादात मागे राहिली. तिला वर ओढताना तिचा खांदा निखळला. ताजे काँक्रीट सगळे वाहून गेले.

मी त्या वेळी वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरमध्ये, एकटाच, लॅपटॉप उघडून बसलो होतो. प्रभंजन नियंत्रण कक्षात होता. तोच धावत आला.

"अच्युत, तीन नंबरचा दरवाजा तू उचललास?"

"मी? मी कशाला उचलू?"

"मेसेजवर तुझं नाव आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला माझी काळजी वाटते आहे असे मला वाटले, आणि त्याही अवस्थेत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "घाबरू नकोस. नाव चोरीला गेलं असेल. शोधून काढू."

*

मुजावर मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. चौकशी नियंत्रण कक्षातच झाली. त्या, डुबल साहेब, प्रभंजन आणि मी. दरवाजा त्यांनी स्वतः उठून लावून घेतला.

"शेवंताबाईंना भेटून आले मी," त्यांनी सुरुवात केली. "हात नीट होईल. एखादी लाट आणखी आली असती तर मी इथे नाही, पोलीस बसले असते. रिसबूड, मेसेजवर तुमचं नाव आहे. खूण तुमची आहे."

"आहे, मॅडम. पण हुकूम माझा नाही."

"ज्याचं नाव, हुकूम त्याचाच. हे मी म्हटलेलं नाही. तुम्ही म्हटलंय. याच टेबलावर."

"म्हटलं आहे. आणि ते आजही खरं आहे, मात्र एका अटीवर. नाव त्या माणसाने स्वतः घातलेलं असलं पाहिजे. माझी खूण कुणी चोरली असेल, किंवा…"

"किंवा?"

किंवा काय, हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःशीही पुरते उच्चारले नव्हते. "किंवा नाव रिकामं आलं असताना, कोडनेच माझं नाव चढवलं असेल."

"असं होऊ शकतं?" मॅडमनी माझ्याऐवजी प्रभंजनकडे पाहिले. "शितोळे, होऊ शकतं?"

मीही त्याच्याकडे पाहिले. जीपमधले आमचे बोलणे त्याला आठवत असणारच. तो ते सांगेल, निदान अशी एक कल्पना निघाली होती असे म्हणेल, आणि मग आपण दोघे मिळून शोध घेऊ, अशी माझी खात्री होती.

"नाही, मॅडम," प्रभंजन म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले, तो गांगरला आहे.

"पाहून घेऊ," मी म्हणालो. वादात मला अशा वेळी चेवच येत असे. "सगळ्यांना बाहेर काढा. यंत्रावर कुणाचंही लॉगिन ठेवू नका. बिननावाचा एक मेसेज पाठवा, तीन नंबरलाच; आज तळात कुणी नाही. सर्व्हिसने तो स्वीकारला, तर कोडमध्ये माझं नाव दडवलेलं आहे. नाकारला, तर मला पुढे काही म्हणायचं नाही."

"काहीच म्हणायचं नाही?" डुबल साहेबांनी विचारले.

"काहीच नाही."

"शितोळे, तुमची हरकत?"

"हरकत कसली," प्रभंजन म्हणाला. "करू या की." आणि तो स्वतःच उठून यंत्रापाशी बसला.

लॉगिन झालेली सगळी नावे त्याने आमच्यादेखत एकेक करून बाहेर काढली. मेसेज लिहिला. पाठवण्यापूर्वी मॅडमना दाखवला. नावाची जागा रिकामी होती. त्याने बटण दाबले.

पडद्यावर अक्षरे उमटली. आज्ञा देणाऱ्याचे नाव नाही; म्हणून ही आज्ञा स्वीकारता येत नाही.

माझे वाक्य पडद्यावर स्थिर उभे होते. डुबल साहेबांनी ते ओठांनी पुन्हा वाचले.

मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहत नव्हतो. खालच्या कोपऱ्यात सर्व्हिस केव्हापासून चालू आहे याची नोंद असते, तिकडे माझे लक्ष गेले होते. ती त्याच दिवशी सकाळी नव्याने सुरू झाली होती. सर्व्हिस नव्याने सुरू होते ती एकाच कारणाने: तिच्यात नवे कोड बसवले म्हणजे. ते बसवण्याचा अधिकार दोघांनाच होता. मी सकाळभर शेवंताबाईंच्या उशाशी, सरकारी दवाखान्यात होतो.

पुण्याच्या कार्यालयात आमच्या कोडची प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवलेली असे. एक फोन केला असता, तर कालपर्यंत त्या उंबरठ्यावर काय लिहिलेले होते ते तासाभरात या टेबलावर येऊन पडले असते. मी तोंड उघडले.

"मॅडम—"

"थांबा जरा, रिसबूड." डुबल साहेब खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज एकाएकी मायेचा झाला होता. "मी तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही सज्जन माणूस. तुम्ही म्हणता तसं असेलही. कोड लिहिणारा वाटेल त्याचं नाव वाटेल त्या मेसेजवर चढवू शकतो, असंच ना? तेवढं मॅडमना सांगा. तेवढं एक सांगा, की तुम्ही सुटलात."

"आणि मग?" मॅडमनी विचारले.

"मग काय. फोन आहेत, पाटकरी आहेत. पूर्वी काय पाणी सुटत नव्हतं?"

मुजावर मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. नाव खोटं चढू शकतं हे एकदा या खोलीत सिद्ध झालं, तर त्या नावावर मी कुणालाच जाब विचारू शकणार नाही. उद्या प्रत्येक जण म्हणेल, कोडने घातलं. मला हे बंद करावं लागेल. सोमवारपासून पुढचं आवर्तन आहे. म्हणून नीट विचार करून बोला. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे?"

"मला पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. "शितोळे, जरा बाहेर ये."

*

नियंत्रण कक्षाच्या मागे एक अरुंद व्हरांडा होता. तेथून कालव्याचे तोंड दिसे. प्रभंजन कठड्याला पाठ लावून उभा राहिला.

"केव्हापासून होतं ते?"

त्याने नाकारले नाही. "कोरेवाडीहून परत आलो त्याच आठवड्यात घातलं."

"कुठे बसून?"

"आपल्याच यंत्रावर. तू आंघोळीला गेला होतास."

"कालचा फोन डुबल साहेबांचा?"

"हो. 'तीन नंबर जरा सोड, वरून सांगणं आहे,' एवढंच म्हणाले. कुणाच्या तरी मळ्यासाठी होतं. दुरुस्ती चालू आहे हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं आणि माझ्याही. देवाशप्पथ सांगतो अच्युत, ध्यानात असतं तर मी सोडलं नसतं."

"ते मी मानतो. आज सकाळी ते काढून टाकलंस."

"हो."

"मी बिननावाचा मेसेज पाठवून बघायला सांगणार, हे तुला माहीत होतं."

"तू काय करशील हे मला कायम माहीत असतं. तुझ्याबरोबर राहणं त्यामुळेच तर सोपं होतं."

तो हे उपहासाने म्हणाला असता तर मला बरे वाटले असते. तो साध्या सुरात बोलत होता, आमटी वाढताना बोले तसा.

"मला एक सांग," मी म्हणालो. "मेसेज पाठवणारा तू. कोड लिहिणारा तू. रिकाम्या जागी एखादं नाव हवंच होतं, तर तुझं का नाही घातलंस?"

तो कालव्याच्या तोंडाकडे वळला.

"माझं नाव असतं तर काल संध्याकाळीच मी सगळं बकलो असतो," तो म्हणाला. "फोन, डुबल साहेब, कोड, सगळं. यंत्र बंद पडो नाहीतर खड्ड्यात जावो. मला घर आहे, कर्ज आहे, बायकोला दिवस गेलेत. मी स्वतःला सोडवलं असतं. कुणीही सोडवलं असतं. तू नाही सोडवणार. आत जाऊन तू सांगशील तर कोरेवाडीचं पाणी बंद होतं, आणि ते तुला तुझ्यापेक्षा मोठं वाटतं. म्हणून तर तुझं घातलं."

"म्हणजे हे तू तेव्हाच ठरवलं होतंस?"

"ठरवलं नव्हतं रे." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "माहीत होतं."

आयुष्यभर मी माणसांशी वाद घातले, त्यांतले बहुतेक जिंकले. पण तो जे बोलला त्यात खोडून काढण्यासारखा एकही शब्द मला सापडेना. शत्रूने माझ्यातले वैगुण्य हेरून घाव घातला असता तर मी ते समजू शकलो असतो. याने माझ्यातले जे थोडेसे चांगले होते ते मोजून, पारखून, त्यावर भरवसा ठेवून माझे नाव खर्ची घातले होते.

"आता ते कोड कसं आहे?" मी विचारले.

"तू लिहिलं होतंस तसं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डुबल साहेबांना आता नाव घालावंच लागेल."

मी दार ढकलून आत गेलो.

*

"मॅडम, हुकूम माझा होता," मी म्हणालो. "चाचणी करताना दरवाजाचा क्रमांक चुकला. मघाशी घाबरून नाकारलं."

डुबल साहेबांचा चेहरा पालटला. आपण वाचलो याचा आनंद आणि यंत्र राहिले याचे दुःख, दोन्ही त्या चेहऱ्यावर एकदमच दिसले.

"कोडमध्ये दोष नाही?" मॅडमनी विचारले.

"नाही. तुम्ही आत्ताच पाहिलंत."

"तुम्हाला या कामावरून जावं लागेल, रिसबूड. तुमच्या कंपनीलाही मला कळवावं लागेल. ते तुम्हाला ठेवतील असं मला वाटत नाही."

"मलाही वाटत नाही."

"मग तसं लिहून द्या."

मी कागद घेतला आणि टेबलाच्या टोकाशी बसून लिहू लागलो. तोवर मी आयुष्यात एकही खोटे वाक्य कागदावर उतरवले नव्हते. ते कसे लिहितात हे मला ठाऊक नव्हते, म्हणून खरे लिहितो तसेच लिहिले. कर्ता आधी ठेवला, क्रियापद स्वच्छ ठेवले, सबब कोठे सांगितली नाही. एक शब्द दोनदा आला होता, तो खोडून दुसरा घातला. शेवंताबाईंविषयी एक वाक्य होते. तेवढे एकच त्या कागदावर खरे होते, आणि तेच लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

मुजावर मॅडमनी कागद सावकाश वाचला. वाचून झाल्यावर तो खाली न ठेवता त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"हे खरं आहे, रिसबूड?"

"मी लिहून दिलं आहे, मॅडम."

"मी ते विचारलं नाही."

मी पेनाचे टोपण लावले. त्यांनी पुन्हा एकदा कागदावरून नजर फिरवली, जणू कोठेतरी एखादी फट त्यांना सापडणार होती. ती नव्हती.

"किती नेटकं लिहिता हो तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. मग कागद टेबलावर ठेवून त्यांनी तो सरळ केला. "एक साक्षीदार लागेल."

डुबल साहेबांनी घड्याळात पाहिले. त्यांना पलीकडच्या कालव्यावर जायचे होते. गाडी केव्हाची दारात उभी होती. ते नमस्कार करून निघाले.

प्रभंजन पुढे आला. त्याने खिसे चाचपले, त्याच्याजवळ पेन नव्हते. मी माझे दिले. तो वाकला आणि माझ्या सहीच्या शेजारी त्याने आपली वळणदार, एका फटकाऱ्याची सही केली.

"असं नाही, शितोळे," मॅडम म्हणाल्या. "सहीखाली पूर्ण नाव घाला. वाचता येईल असं."

त्याने घातले.